रस्त्यावरचा कुत्रा घरी आणल्यानंतर

मे महिना सरत आला की पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या किनाऱ्यांवरील शॅक उतरविले जाऊ लागतात. पर्यटकांची वर्दळ ओसरते. हंगामभर उरल्यासुरल्या अन्नावर पोसलेल्या कुत्र्यांना एकाएकी खावयास मिळेनासे होते आणि पावसाची पहिली झड आली की ती वस्तीच्या दिशेने सरकू लागतात. डिचोली तालुक्यात समुद्र नाही. तेथे डिचोली आणि साखळीच्या बाजारपेठांत, बसस्थानकांच्या आडोशाला आणि मासळीबाजाराच्या मागे अशी कुत्री आढळतात. एखाद्या घरातील मुलांना त्यांपैकी एकाची दया येते, घरातील वडीलमंडळी होकार देतात आणि कुत्रा सोप्यावर येऊन बसतो. येथवर सारे चांगले घडते.

अडचण त्यानंतर सुरू होते. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच तक्रारी ऐकू येऊ लागतात. कुत्रा कोपऱ्यातून बाहेर येत नाही, घरात घाण करतो, चपला फाडतो, पदेराच्या सायकलीमागे धावतो, ताटलीला हात लावला की गुरगुरतो. मग कोणी त्याला आखूड साखळीने चोवीस तास बांधून ठेवतो, तर कोणी रात्रीच्या वेळी दुसऱ्या गावात सोडून येतो. ‘इतके खाऊ घातले, तरी गुण गेला नाही,’ असे वर म्हटलेही जाते. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी कुत्रा बिघडलेला नसतो. घर म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते. ते शिकविण्याची रीत काय, त्यासाठी किती काळ द्यावा लागतो आणि या गोष्टीचा गावाच्या आरोग्याशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परंपरा आणि कायदा

आपल्या समाजाला कुत्रा परका नाही. डिचोली तालुक्यातील साखळीच्या दत्तमंदिरात जाणाऱ्या भाविकांना दत्तात्रेयांच्या चरणांशी बसलेली चार कुत्री ठाऊक आहेत. खंडोबा आणि भैरव या दैवतांच्या परिवारातही कुत्रा आहे. स्वर्गाच्या वाटेवर आपल्या सोबतच्या कुत्र्याला टाकून जाण्यास नकार देणाऱ्या युधिष्ठिराची कथा तर घरोघरी सांगितली जाते. मात्र देवाच्या पायाशी कुत्र्याला नमस्कार करणे आणि दारातील कुत्र्याला समजून घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरीस थोडे ज्ञान आणि पुष्कळ सबुरी लागते.

कायद्याची बाजूही माहीत असणे अगत्याचे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा केवळ मारहाणीपुरता नाही. अवास्तव आखूड किंवा जड साखळीने जनावर बराच काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास मोकळे फिरण्याची संधी न देणे आणि पाळलेले जनावर उपासमारीच्या स्थितीत वाऱ्यावर सोडणे हेही या कायद्यान्वये गुन्हे होत. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, असा कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या प्राणिप्रेमींना स्थानिक पालिकेकडे अर्ज करता येईल असे म्हटले. परंतु दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारीही अर्जदारावरच ठेविली. दत्तक या शब्दाचा अर्थ हाच आहे. दत्तक घेतलेले मूल कोणी पंधरा दिवसांनी परत करीत नाही.

कुत्रा काय शिकून आलेला असतो?

कुत्र्याच्या आयुष्यातील साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दीर्घकालीन संशोधनानंतर १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गोष्ट स्पष्टपणे मांडली. या काळात पिल्लाला जे जे भेटते ते पुढे त्याला आपले वाटते आणि जे भेटत नाही त्याची भीती वाटत राहते. किनाऱ्यावर वाढलेल्या पिल्लाला लाटा, वाळू, गर्दी आणि इतर कुत्री यांची ओळख झालेली असते. मिक्सरचा आवाज, गुळगुळीत फरशी, बंद दार, जिना, छताचा पंखा आणि अंगावर येणारा पाहुणा यांची ओळख नसते. आपण ज्याला हट्ट म्हणतो ते पुष्कळदा निव्वळ अनोळखीपण असते.

याचा अर्थ असा कुत्रा मंदबुद्धीचा असतो असे मात्र नव्हे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे आपल्याकडील रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करीत आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखविले. सुमारे निम्मी कुत्री भांड्यांजवळ आलीच नाहीत. पण जी आली त्यांच्यापैकी जवळजवळ ८० टक्के कुत्र्यांनी दाखविलेल्या बोटाच्या दिशेनेच वाट धरली. त्यांना हे कोणी शिकविलेले नव्हते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसून आले की, वारंवार भेटणाऱ्या परक्या माणसाविषयी विश्वास वाटू लागण्यास खाऊपेक्षा प्रेमाने कुरवाळणे अधिक उपयोगी पडते. जी निम्मी कुत्री जवळ आली नाहीत, तीही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. माणसाविषयीची धास्ती दूर झाल्यावाचून शिकणे सुरू होत नाही.

घरी आणण्यापूर्वीची तयारी

कुत्रा आणण्याचे ठरल्यावर प्रथम घरातील सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी निश्चित कराव्यात. त्याला खावयास कोण देणार, त्याला फिरावयास कोण नेणार, त्याने घरात कोठवर यावयाचे आणि घरची मंडळी परगावी गेल्यास त्याची व्यवस्था कोण पाहणार? आजीने देवघराच्या उंबऱ्यावरून हाकलावे आणि नातवाने त्याच उंबऱ्यावरून आत बोलवावे, असे झाल्यास कुत्रा काहीच शिकत नाही.

दुसरी तयारी जागेची. सोप्याचा किंवा पडवीचा एक शांत कोपरा निवडावा. तेथे पावसाची झड येऊ नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट नसावी. जुने गोणपाट किंवा गोधडी, पाण्याचे जड भांडे आणि अन्नाची वेगळी ताटली एवढे पुरे. गळ्यात रुंद, मऊ पट्टा असावा व त्याखाली दोन बोटे सहज जातील इतका तो सैल असावा. पट्ट्याला मालकाच्या फोनचा क्रमांक लिहिलेली चकती अडकवावी. अंगणाचे कुंपण तपासून घ्यावे, कारण पहिल्या आठवड्यात पळून जाण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

तिसरी तयारी वैद्यकीय. शक्य तो कुत्र्याला घरी आणण्यापूर्वीच, निदान पहिल्या एक-दोन दिवसांत, पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याच्या जवळच्या दवाखान्यात दाखवावे. रेबीजची लस, जंतांचे औषध, गोचिडांवर उपाय आणि त्वचेची तपासणी या गोष्टी टाळू नयेत. आपल्याकडील दमट हवेत गोचीड फार होतात आणि त्यांच्यापासून कुत्र्याला घातक ताप येतो. कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच दिसल्यास त्याची नसबंदी पूर्वीच झाली आहे असे समजावे. ती झालेली नसल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने करून घ्यावी. रेबीजची लस पूर्वी दिली असल्याचा लेखी दाखला नसेल, तर ती दिलेली नाही असे धरून चालणेच शहाणपणाचे.

पहिले तीन दिवस

कुत्र्यांचा सांभाळ करणाऱ्यांत एक ठोकताळा प्रचलित आहे. धास्ती ओसरण्यास तीन दिवस, घरचा दिनक्रम उमगण्यास तीन आठवडे आणि घर आपले वाटू लागण्यास तीन महिने. हा काही शास्त्राचा नियम नव्हे. कोणाला कमी काळ लागतो, कोणाला वर्षही लागते. परंतु उतावीळ माणसाला आवर घालण्यासाठी तो उत्तम आहे.

पहिल्या तीन दिवसांत काहीही शिकवू नये. आंघोळ घालू नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाहावयास बोलावू नये. कुत्रा कोपऱ्यात तोंड खुपसून बसला असेल तर त्याला बसू द्यावे. ठरलेल्या वेळी अन्न-पाणी ठेवून दूर व्हावे. त्याच्याजवळ बसावयाचे झाल्यास अंगावर वाकून, डोळ्यांत डोळे घालून न बसता थोडे आडवे, जमिनीवर, पाठमोरे बसावे. तो आपणहून हात हुंगावयास आला तर मानेखाली किंवा छातीला हलकेच कुरवाळावे. डोक्यावर एकदम हात नेऊ नये. हात मागे घेतल्यावर तो पुढे सरकला तर त्याला ते हवे आहे असे समजावे, तोंड वळविले तर पुरे झाले असे समजावे.

प्रस्तुत लेखक या बाबतीत स्वतःच चुकलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी पेडण्याच्या किनारपट्टीवरून एक काळी कुत्री आणली. त्याच दिवशी तिला विहिरीवर नेऊन साबणाने न्हाऊ घातले आणि सायंकाळी वाड्यावरची सारी मुले तिच्याभोवती गोळा झाली. दुसऱ्या दिवशी तिची ताटली सरकविण्यासाठी मी हात घातला आणि ती मनगटाला चावली. चूक तिची नव्हती. चोवीस तासांत तिला एक क्षणही स्वस्थता मिळालेली नव्हती. आरोग्य केंद्रात जाऊन लशीची सर्व इंजेक्शने घेताना मला हा धडा नीट पाठ झाला. पुढे तीच कुत्री आमच्या घरी शांतपणे राहिली. पण तिचा विश्वास मिळविण्यास त्या पहिल्या दिवसापायी दोन महिने अधिक लागले.

दिनक्रम आणि अन्न

रस्त्यावरच्या कुत्र्याला उद्याची शाश्वती नसते. म्हणून मिळेल ते, मिळेल तेव्हा गिळावे आणि दुसऱ्याला जवळ येऊ देऊ नये, हा त्याचा धर्म असतो. अन्न रोज ठरलेल्या वेळी येते, ते कोणी हिरावून घेत नाही, हे अनुभवाने पटल्यावर ताटलीवरचे गुरगुरणे बहुधा कमी होत जाते. खाताना त्याला छेडू नये. उलट, दुरून जाता जाता ताटलीत एखादा चांगला तुकडा टाकावा. माणूस जवळ आला की ताटलीतले कमी न होता वाढते, हे त्याला कळू लागते.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा अन्न द्यावे. उकड्या तांदळाचा भात, त्यात उकडलेले अंडे, कोंबडीचे किंवा काटे काढलेल्या मासळीचे तुकडे हे आपल्याकडे सहज होण्यासारखे आहे. नुसत्या भात-पेजेवर मात्र कुत्र्याचे पोषण होत नाही. तिखट हुमण, शिजविलेली हाडे आणि माशांचे काटे देऊ नयेत. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे त्याला विषासमान आहेत. चवथीच्या दिवसांत बेदाणे घातलेल्या नेवऱ्या कौतुकाने भरविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घाण करण्याच्या सवयीवर उपायही दिनक्रमातच आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला अंगणाबाहेर एकाच ठराविक जागी न्यावे. तेथे विधी आटोपताच शाबासकी द्यावी व लहानसा खाऊ द्यावा. रस्त्यावर वाढलेल्या मोठ्या कुत्र्याला उघड्यावर जाण्याची सवय असतेच, त्यामुळे ही गोष्ट तो लवकर उचलतो. घरात चूक झाली तर निमूटपणे जागा धुऊन काढावी. त्याचे नाक त्या घाणीत घासण्याची रूढी अडाणीपणाची आहे. त्यामुळे माणसासमोर विधी करणे धोक्याचे, एवढेच तो शिकतो आणि पुढे लपून कपाटामागे घाण करतो.

शिकविण्याची रीत

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाआधी नेहमी एखादी खूण होत असेल तर नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखविले. खूण आणि तिच्यामागून येणारे सुख यांची सांगड कुत्र्याच्या मनात आपोआप घातली जाते. तद्वतच, ज्या कृतीनंतर चांगले फळ मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो. कुत्र्याचे सारे शिक्षण या दोन तत्त्वांवर उभे आहे.

यातून व्यवहाराचे काही नियम निघतात.

१. बक्षीस ताबडतोब द्यावे. कृती आणि खाऊ यांत एक-दोन क्षणांपेक्षा अधिक अंतर पडले तर कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही.

२. एका कृतीसाठी एकच शब्द असावा. आजी ‘यो’ म्हणते, सून ‘ये’ म्हणते आणि नातू ‘कम’ म्हणतो, अशा घरात कुत्रा बोलावल्यावर येत नाही यात नवल नाही. शब्द कोणत्याही भाषेतला चालेल. पण तो सर्वांनी एकच वापरावा.

३. धडा पाच मिनिटांपेक्षा मोठा नसावा. दिवसातून दोन-तीन वेळा, कुत्र्याला भूक असताना घ्यावा आणि त्याला जमलेल्या गोष्टीवर संपवावा.

४. प्रथम नाव, मग ‘ये’, त्यानंतर ‘बस’ आणि ‘थांब’ हा क्रम ठेवावा. ‘ये’ म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये, मग त्याने आधी काहीही केलेले असो. एकदा जरी बोलावून मारले, तरी तो शब्द फुकट जातो.

५. मारू नये. माराने कुत्रा त्या क्षणी थांबतो. पण त्याने काय करावयास हवे होते हे त्याला कळत नाही. हात म्हणजे मार असे ज्याने शिकले, तो एखाद्या दिवशी लहान मुलाच्या उचललेल्या हातालाही चावतो.

पदेराचे उदाहरण घेऊन ही रीत पाहू. पहाटे पदेर भोंगा वाजवीत येतो, कुत्रा भुंकत सायकलीमागे धावतो, पदेर आपल्या वाटेने पुढे निघून जातो. कुत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर भुंकणे रोज यशस्वी होते. शत्रू रोज पळतो. मग ही खोड जाणार कशी? यासाठी पदेर येण्याच्या वेळी कुत्र्याला पट्ट्याने धरून घराच्या मागच्या बाजूला, भोंगा केवळ दुरून ऐकू येईल अशा जागी न्यावे. भोंगा वाजला की लगेच मासळीचा एक तुकडा द्यावा. तीन-चार दिवसांत भोंगा ऐकताच तो भुंकण्याऐवजी आपल्या तोंडाकडे पाहू लागेल. मग रोज थोडे थोडे पुढे यावे. मागील पोरसातून पडवीत, पडवीतून सोप्यावर, सोप्यावरून अंगणात. एखाद्या दिवशी तो पुन्हा भुंकला तर आपण फार घाईने पुढे आलो असे समजून एक पाऊल मागे जावे. शेवटी पदेरालाच विनंती करून त्याच्या हातून एक तुकडा टाकवावा. दोन-तीन आठवड्यांची ही मेहनत कुत्र्याला जन्माचे शहाणपण देते आणि एका गरीब कष्टकऱ्याचा पाय वाचविते. मासळीवाली, पोस्टमन, शाळेची बस यांच्या बाबतीतही हीच रीत लागू पडते.

आवाजाचे भय

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने गोव्यातील तीन काळ कठीण असतात. गणेशचतुर्थीचे फटाके, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीचा नरकासुराचा दणदणाट आणि मृगाच्या पावसातील गडगडाट. कुत्र्याची श्रवणशक्ती आपल्यापेक्षा पुष्कळ तीक्ष्ण असते. भ्यालेला कुत्रा दावे तोडून, कुंपण ओलांडून वाट फुटेल तिकडे पळतो. आमच्याकडील काळी कुत्री पहिल्या वर्षी नरकासुराच्या रात्रीच नाहीशी झाली आणि तिसऱ्या दिवशी, जेथून आणली होती त्याच किनाऱ्यावर बसलेली सापडली. भयाच्या वेळी प्राणी ओळखीच्या जागेकडे धाव घेतो. तोवर आमचे घर तिची ती जागा झालेले नव्हते.

अशा रात्री कुत्र्याला सायंकाळपूर्वी फिरवून आणून आतल्या खोलीत ठेवावे, दारे-खिडक्या लावाव्यात, रेडिओ किंवा पंखा चालू ठेवावा आणि घरातील एकाने त्याच्याजवळ थांबावे. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याचे भय वाढते ही समजूत खरी नाही. त्याला बाहेर एकटे बांधून ठेवणे मात्र निश्चितपणे क्रूरपणाचे आहे.

येथे मोरजी परिसरातील रहिवाशांसाठी एक गोष्ट सांगावयास हवी. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालण्यास येतात आणि मोकाट कुत्री त्यांची घरटी उकरतात. आपला कुत्रा पूर्वी किनाऱ्यावर राहणारा असला तरी त्याला तेथे मोकळा सोडू नये, पट्ट्यानेच फिरवावे.

मुले आणि कुत्रा

कुत्रा चावतो तो अचानक, असे आपण म्हणतो. खरे पाहता त्यापूर्वी तो अनेक खुणा करतो. झोप आलेली नसताना जांभई देणे, वारंवार ओठ चाटणे, तोंड वळविणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहणे, एकाएकी ताठ होऊन स्तब्ध राहणे आणि सर्वांत शेवटी गुरगुरणे. गुरगुरणे हा अपराध नसून इशारा आहे. त्याबद्दल मारल्यास कुत्रा इशारा देण्याचे सोडतो आणि पुढील वेळी सरळ चावतो.

शिक्षकबंधू-भगिनींनी वर्गात पुढील गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्याव्यात. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. कुत्र्याला मिठी मारू नये, त्याचे कान-शेपूट ओढू नये. परका कुत्रा अंगावर आला तर धावू नये. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहावे. कुत्र्याने चावले किंवा ओरखडले तर ते घरी लपवू नये. माराच्या भीतीने मुलाने लपविलेला चावा हाच सर्वांत घातक चावा होय. लहान मूल आणि नवा कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये, हे पालकांसाठी.

घरचा कुत्रा आणि गावचे आरोग्य

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळीच उपाय केल्यास हा रोग पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलास लस देण्यास प्रारंभ केला आणि तो वाचला, तेव्हापासून हे सिद्ध झाले आहे. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

या बाबतीत गोव्याने केलेली कामगिरी अभिमानास्पद आहे. राज्य शासन आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांच्या सहकार्याने येथे कुत्र्यांचे सामुदायिक लसीकरण, शाळांतून प्रबोधन आणि संशयित कुत्र्यांची पाहणी असा तिहेरी कार्यक्रम राबविण्यात आला. वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस देण्यापर्यंत हे काम पोहोचले. २०१८ आणि २०१९ या वर्षांत राज्यात रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२२ साली आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

परंतु हे यश एकदा मिळवून कायमचे राहणारे नाही. निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असेल तरच रोगाची साखळी तुटते. पिल्ले दरवर्षी जन्मतात, लशीचा प्रभाव कालांतराने ओसरतो आणि कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही. पेडणे आणि डिचोली हे सीमेवरील तालुके आहेत. सावंतवाडी आणि दोडामार्ग येथून माणसांची तशी जनावरांचीही ये-जा चालू असते. म्हणून या दोन तालुक्यांतील प्रत्येक घराने आपला कुत्रा दरवर्षी टोचून घेणे, हे संपूर्ण राज्याच्या वेशीवर पहारा देण्यासारखे आहे. दत्तक घेऊन पुन्हा सोडून दिलेला कुत्रा मात्र या पहाऱ्यातून निसटतो. त्याचा दाखला कोणाजवळ नसतो, त्याला पुढच्या वर्षी लस कोणी देत नाही आणि त्याने चावल्यास त्याचा मालक कोण हे कोणी सांगत नाही. यास्तव कुत्रा घरी रुळविणे ही खाजगी हौस नसून सार्वजनिक आरोग्याचे काम आहे.

कुत्र्याने चावल्यास, मग तो घरचा असो वा टोचलेला असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तेल लावू नये. लगेच आरोग्य केंद्रात जावे आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी. बरे वाटते म्हणून मधली तारीख चुकवू नये. कुत्र्याच्या वागण्यात एकाएकी बदल झाला, लाळ गळू लागली, आवाज बसला, जबडा लोंबू लागला किंवा चाल अडखळू लागली तर त्याला हात न लावता दूर कोंडून ठेवावे आणि पशुवैद्यास कळवावे.

समारोप

ज्यांना कुत्रा घरी ठेवणे शक्य नाही त्यांनी केवळ दयेपोटी तो आणू नये, असेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वाड्यावरच्या कुत्र्याला लस देण्याच्या वेळी धरून देणे, त्याला एका ठराविक जागी स्वच्छ अन्न घालणे हीदेखील सेवाच आहे. पण ज्यांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले त्यांनी त्याला तीन दिवसांची शांतता, तीन आठवड्यांचा नेम आणि तीन महिन्यांची सबुरी द्यावी. पुढच्या नरकासुराच्या रात्री भ्यालेला तो कुत्रा किनाऱ्याकडे पळत न सुटता आपल्या खाटेखाली येऊन बसला, तर त्याला घर सापडले असे खुशाल समजावे. आमची काळी तिसऱ्या वर्षी तशी येऊन बसली.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. किनाऱ्यावर वाढलेल्या कुत्र्याला घरातील कोणत्या वस्तूंची भीती वाटेल? यादी करा आणि एका वस्तूची भीती घालविण्याची रीत सांगा.

२. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारणे का चुकीचे आहे?

३. तुमच्या वाड्यावर किती पाळीव कुत्री आहेत? त्यांपैकी किती जणांच्या मालकांपाशी चालू वर्षीचा लशीचा दाखला आहे? मोठ्यांच्या मदतीने माहिती गोळा करून पंचायतीस द्या.